कंसातले ९ हजार

नाशिकच्या एका मैत्रिणीचं पत्र आहे. वय ३७, बँकेत नोकरी, नवरा, दोन मुलं. तीन महिन्यांपूर्वी ती दोन दिवसांच्या निवासी शिबिराला गेली होती. तिथे साठेक शब्दांमधून आपली पाच मूल्यं निवडायची होती. तिने निवडली: प्रामाणिकपणा, कुटुंब, स्वाभिमान, साधेपणा, कृतज्ञता. यादी लॅमिनेट करून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. पण जगणं तसूभरही बदललं नाही, असं ती म्हणते. मनात नसताना नणंदेच्या मुलाला वर्षभर घरी ठेवून घ्यायला हो म्हणून बसली. शेजारच्या टेबलावरचं महिनाअखेरीचं काम अजूनही मुकाट्याने करते. तिचा प्रश्न आहे: "ताई, मी मूल्यंच चुकीची निवडली का? यादी पुन्हा करू?"

नको करूस.

अगं, तुझं पत्र चांगलं चार पानी आहे. तिसऱ्या पानावर कंसात एक वाक्य आहे: "शिबिराची फी १८ हजार होती, ह्यांना मी ९ सांगितली, उगाच कटकट नको म्हणून." कंस मिटला आणि पुढच्याच ओळीत तू शिबिरातल्या जेवणाबद्दल लिहायला लागलीस. मी मात्र त्या कंसातच अडकून पडले आहे.

ज्या दोन दिवसांत तू यादीत सगळ्यात वर प्रामाणिकपणा लिहिलास, त्या दोन दिवसांची किंमतच तू घरी निम्मी सांगितलीस. हे मी तुला पकडायला म्हणत नाही. मला त्यातले शेवटचे शब्द महत्त्वाचे वाटतात. कटकट नको. नणंदेला हो का म्हणालीस? कटकट नको. दुसऱ्याचं काम का ओढतेस? कटकट नको. तू मूल्यं पाळत नाहीस असं कोण म्हणतं? हे एक तू इतक्या निष्ठेने पाळतेस की ते कुठे चिकटवायचीही गरज पडली नाही. बाकीची पाच त्याच्या पायाशी बसली आहेत.

शिबिरात तुम्हाला अठराव्या शतकातल्या अमेरिकन मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिनच्या गुणांच्या वहीबद्दल सांगितलं, असं तू लिहिलंस. आठवड्याला एक गुण घ्यायचा, चुकलं की त्या दिवसाच्या चौकटीत काळा ठिपका. पण त्याच्या यादीत आधी बाराच गुण होते, हे सांगितलं का? तेरावा, नम्रता, त्याला स्वतःला सुचलाच नव्हता. लोक तुला गर्विष्ठ समजतात असं क्वेकर या ख्रिस्ती पंथातल्या एका मित्राने सांगितलं, तेव्हा तो यादीत आला. तसा तुझा सहावा मी सांगते. धीटपणा. तो नाही म्हणून वरचे पाचही लुळे पडलेत.

माझी आई शाळेत शिक्षिका होती. साडी घेतली की किमतीची चिठ्ठी ती दुकानाच्या पायरीवरच फाडायची, बारीक तुकडे करून, आणि घरी शंभर रुपये कमी सांगायची. मी लहान होते, हात धरून उभी असायचे, मला तो आमचा दोघींचा खेळ वाटायचा. पुढे स्वतःचा पगार हातात आला तेव्हा लक्षात आलं की ती स्वतःच्याच कमाईचा हिशोब लपवत होती. माझ्या बाबांनी तिला कधी हात लावला नाही, आवाजही चढवला नाही. नुसतं "एवढी?" म्हणायचे. त्या एका "एवढी?"ला ती तीस वर्षं भ्यायली. तुझं ते वाक्य वाचलं आणि मला ती पायरी दिसली, म्हणून मी एवढी चिडले आहे.

तुझा नवरा भला माणूस आहे असं तू दोनदा लिहिलंस. असेल. मला त्याच्याविषयी काही म्हणायचं नाही.

गोपाळ गणेश आगरकरांनी शिकत असतानाच आईला पत्र लिहून कळवलं होतं, की मोठ्या पगाराची आशा धरू नकोस, पोटापुरतं मिळवून उरलेलं आयुष्य मी लोकांच्या कामी लावणार आहे. ती माउली गरिबीत दिवस काढत होती, पोराच्या परीक्षांकडे डोळे लावून. तिला हे कळवणं किती जड गेलं असेल! पुढे ते पुण्यात शिकवत राहिले, फर्ग्युसनचे प्राचार्य झाले, आणि १८९५ साली, चाळिशीही न गाठता गेले. त्यांच्या निर्णयाची सगळ्यात जास्त झळ जिला लागणार होती, तिला त्यांनी आधी आकडा सांगितला. निम्मा नाही, पुरता.

तेव्हा आज रात्री, मुलं झोपली की, त्या शिबिराची पावती काढ. पर्सच्या आतल्या कप्प्यात घडी घालून ठेवली आहेस, हेही तूच लिहिलंयस. ती टेबलावर ठेव आणि म्हण, "फी १८ हजार होती, मी ९ सांगितली होती." सॉरीने सुरुवात करू नकोस. शिबिर किती छान होतं हे पटवत बसू नकोस. तो "एवढे?" म्हणेल. म्हणू दे. "हो, एवढे, माझ्या पगारातले," असं म्हण आणि उठून भांडी आवरायला जाऊ नकोस, तिथेच बसून राहा. ती पाच मिनिटं तुला फार लांब वाटतील.

नणंदेच्या मुलाचं, ऑफिसचं नंतर बघू. यादीही तोवर कपाटातून काढून ठेव.

आणि मला पत्र पाठव. तो काय म्हणाला ते नाही लिहिलंस तरी चालेल. तू आकडा पुरता सांगितलास का, तेवढं लिही.