गणिताच्या सरांचा एच-इंडेक्स ९ आणि बायोकेमिस्ट्रीच्या मॅडमचा ३१, मग सर कच्चे काय?
नाही हो, असं थेट लावायचंच नाही. एच ९ म्हणजे ९ पेपर असे की प्रत्येकाला कमीत कमी ९ सायटेशन, म्हणजे दुसऱ्यांनी आपल्या पेपरात त्याचा दिलेला संदर्भ, बस्स. हर्श नावाच्या फिजिक्सवाल्यानं २००५ मध्ये काढलेलं माप हे, आणि विषयागणिक आकडा बदलतो हे त्यानंच लिहून ठेवलंय. गणितात दोघं-तिघं मिळून एका पेपरवर वर्ष घालवतात, खाली रेफरन्स वीसेक, तिकडं बायोत आठ-दहा नावं आणि रेफरन्स पन्नास-साठ, मग सायटेशन वाढणारच की! टिळकवाडीतला माझा मित्र मराठीत पीएचडी करतोय, त्याच्या गाइडची पुस्तकं खानापूरपासून निपाणीपर्यंत वाचतात आणि स्कोपसमध्ये, म्हणजे पेपर आणि सायटेशन मोजणाऱ्या डेटाबेसमध्ये, नाव टाकलं तर शून्य. गूगल स्कॉलर, म्हणजे गूगलचं संशोधन शोधायचं साधन, पुस्तकं, प्रबंधपण धरतं, म्हणून तिथं आकडा बहुतेक मोठाच दिसतो. सरांना गणितवाल्यांशीच ताडून बघा, तेपण तेवढीच वर्षं काम केलेल्यांशी.