चाचणीत ३८ आले, म्हणजे मला पीटीएसडी आहे का?

समुपदेशक म्हणून माझ्यापुढं हल्ली हा प्रश्न मोबाईलसकट येतो. पीटीएसडी म्हणजे भयंकर प्रसंगानंतर मनात घर करून राहणारा आघाताचा आजार. कुणीतरी पाठवलेल्या लिंकवर वीस प्रश्न सोडवलेले असतात, खाली आकडा आलेला असतो, आणि फोन माझ्या हातात देऊन माणूस गप्प बसतो. वडगावच्या एका मुलीनंही तेच केलं. आकडा होता ऐंशीपैकी ३८. "मॅडम, तेहतीसच्या वर गेलं की असतो म्हणे. मी खुळी होऊलोय काय?" (तिचे आणि पुढं येणाऱ्या कामगाराचे तपशील ओळख पटू नये म्हणून बदलले आहेत.)

वय सव्वीस-सत्तावीस, बेळगावातल्या एका पतसंस्थेत काउंटरवर नोकरी. लहानपणी वडगावच्या घरात माग होते. वडिलांनी कर्ज काढून आणखी घेतले, धंदा बसला आणि दारू सुरू झाली. वसुलीची माणसं दारात उभी राहून आईला नको नको ते बोलायची. आधी माग गेले, मग घर गेलं, आणि मायलेकी अनगोळला मावशीकडं राहायला आल्या. मावशीनं कधी हाकललं नाही, पण कधी विसरूही दिलं नाही. गेल्या वर्षी ठरलेलं लग्न मोडलं, कारण वडिलांच्या दारूची गोष्ट मुलाकडच्यांच्या कानावर गेली. आता काउंटरवर कुणी आवाज चढवला की हिचे हात थरथरतात, पावती लिहिता येत नाही.

'एवढ्यानं काय होतंय' म्हणणारे तिच्या घरात भरपूर होते, आणि 'हा ट्रॉमाच आहे' म्हणणारे मोबाईलमध्ये. दोन्हीकडच्यांनी तिला विचारलं काहीच नव्हतं.

तिनं भरलेली चाचणी खोटी नव्हे. पीसीएल-५ नावाची ती प्रश्नावली आम्हीही वापरतो. वीस प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार गुण. ३१ ते ३३ च्या पुढं आकडा गेला तर सविस्तर तपासणी करावी, एवढाच त्याचा अर्थ; निदान त्यावर होत नाही. आणि ती एका ठरावीक प्रसंगाबद्दल, फक्त मागच्या महिन्याचा विचार करून भरायची असते. हिनं ती लहानपणापासून आजपर्यंतचा सगळा हिशेब धरून भरली होती. 'झोप लागत नाही', 'लक्ष लागत नाही', 'स्वतःला दोष देता', 'कशातच रस वाटत नाही' हे प्रश्न तर नैराश्यातही तंतोतंत लागू पडतात. नुकताच साखरपुडा मोडलेल्या कुणालाही भरायला लावा, आकडा बरा येणार नाही.

आम्ही तो फोन बाजूला ठेवला आणि मी तिला एकच विचारलं, "ते आठवतं तेव्हा तुम्ही कुठं असता?"

तिला प्रश्न कळला नाही. मग म्हणाली, "कुठं म्हणजे? इथंच. वाईट वाटतं, रडू येतं. वाटतं, माझ्यातच काहीतरी कमी आहे."

लोकांना वाटतं की प्रसंग किती भयंकर होता यावर हा आजार ठरतो. प्रसंगाची अट आहेच. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या नियमावलीत ती कडक आहे: मृत्यू, गंभीर इजा किंवा लैंगिक अत्याचार, नाहीतर त्यांचा धोका, स्वतःवर ओढवलेला, डोळ्यांदेखत पाहिलेला, अगदी जवळच्या माणसावर ओढवल्याचं कळलेला, नाहीतर पोलीस-रुग्णवाहिकेवाल्यांसारखा कामामुळं पुन्हापुन्हा सोसावा लागलेला. २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात शब्द थोडे सैल आहेत, आणि वर्षानुवर्षं चाललेल्या, सुटका नसलेल्या छळातून होणाऱ्या गुंतागुंतीच्या पीटीएसडीला तिथं वेगळी जागा आहे. म्हणूनच 'तुमच्या घरात मारहाण नव्हती, विषय संपला' असं म्हणून मी तिला वाटेला लावलं नाही. पण प्रसंगानंतर काय उरलं ते पाहावंच लागतं. तो प्रसंग आत्ता घडतोय असं वाटतं का? स्वप्नात तेच येतं का? त्याची आठवण करून देणारी माणसं, वाटा, वास टाळण्यासाठी दिनक्रमच बदललाय का? धोका टळलेला असूनही अंग सतत सावध, बारीक आवाजानं दचकणं? हे सगळं महिन्याहून जास्त टिकलंय का, आणि कामधंदा, संसार त्यात अडकून पडलाय का?

तिच्याकडं यातलं दचकणं होतं, तेही कुणी ओरडलं तरच. वडगावला ती बिनधास्त जात होती, वडिलांना भेटत होती. उलट तीन-चार महिन्यांपासून सकाळी उठवत नव्हतं, जेवण कमी झालं होतं, आणि 'माझं काही होणार नाही' हा एकच धागा प्रत्येक वाक्यातून निघत होता. मी समुपदेशक आहे. निदानावर सही मनोविकारतज्ज्ञ किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ करतात. पण मला दिसलेलं मी तिला सांगितलं: हे पीटीएसडीपेक्षा नैराश्याच्या वाटेचं दिसतंय, तपासून घेऊ.

तिचा चेहरा पडला. "म्हणजे मला काहीच झालं नव्हतं?"

हा प्रश्न मला मूळ प्रश्नापेक्षा मोठा वाटतो. आजाराचं नाव मिळालं असतं तर मावशीपुढं, आईपुढं, त्या मोडलेल्या सोयरिकीपुढं तिला एक पुरावा मिळाला असता. तो माझ्याकडं मागायची वेळ तिच्यावर यावी, हे मला घरच्यांचं अपयश वाटतं. तिला मी एवढंच म्हटलं की लहान मुलीनं दाराआड उभं राहून आईला शिव्या खाताना ऐकणं वाईटच. त्याला कुठल्याही नियमावलीचा शिक्का लागत नाही. त्या दिवशी ती पहिल्यांदा वसुलीच्या माणसांबद्दल रागानं बोलली. तोवर सगळा राग स्वतःवरच होता.

ती आली त्याच पावसाळ्यात खानापूर तालुक्यातल्या एका गावातून एक जण आला. खरं तर त्याला बायको घेऊन आली. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत ओतकामावर होता. साच्यात ओल राहिली होती. वितळलेलं लोखंड पाण्यावर पडलं की पाण्याची क्षणात वाफ होते आणि रस उसळतो. जोडीदार जबर भाजला. हा दोन पावलं मागं होता म्हणून वाचला. सहा महिने झाले होते. तक्रार काय, तर झोप नाही आणि पोरांवर हात उगारतो. अंगारा-धुपारा झाला होता, सौंदत्तीला यल्लम्माच्या पायावर घालून आणलं होतं, मेडिकलमधून कुणीतरी झोपेच्या गोळ्याही आणून दिल्या होत्या. "मला काय झालंय? भाजला तो," हे त्याचं पालुपद.

खानापूरहून येताना बसनं पिरनवाडी ओलांडली आणि उद्यमबाग जवळ आली की तो डोळे मिटून घ्यायचा. घरात तव्यावर भाकरी करपली की उठून अंगणात जायचा. गणपतीच्या मिरवणुकीत फटाक्यांची माळ लागली तेव्हा डोक्यावर हात घेऊन खाली बसला, पोरं हसली. मी त्यालाही तोच प्रश्न विचारला. तो म्हणाला, "आठवत नाही मॅडम. मी तिथंच असतो. अंगाला झळ लागती."

त्याच्या तोंडी पीटीएसडी हा शब्द कधीच आला नव्हता. मनोविकारतज्ज्ञांनी निदान केलं तेच. माझ्या पाहण्यात असं बरेचदा होतं: शब्द घेऊन येणाऱ्याला दुसरंच काही निघतं, आणि ज्याला तो आजार आहे तो झोपेची, रागाची, नाहीतर छातीतल्या धडधडीची तक्रार घेऊन येतो.

उपचार आहेत, हे या भागात अजून पुरेसं पोहोचलेलं नाही. त्या प्रसंगाला धरूनच चालणारी बोलण्याची थेरपी हा मुख्य उपचार. ईएमडीआर, म्हणजे डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीनं ती आठवण हाताळणं, ही आणखी एक सिद्ध पद्धत. सर्ट्रालीनसारखी औषधं डॉक्टर गरजेप्रमाणं देतात. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या झोपेच्या गोळ्या आणि रात्रीची दारू यांनी गाडी आणखी रुतते. आपण पहिल्याच दिवशी 'सगळं सांगून मोकळा हो' म्हणतो, तेही टाळावं. कधी, किती सांगायचं ते त्या माणसाच्या हातात राहू द्यावं. धारवाडच्या डिमहान्स या सरकारी मानसिक आरोग्य संस्थेत जायला सांगितलं की इकडचे पुष्कळ जण म्हणतात, "कन्नडमध्ये भाव करता येतोय मॅडम, हे कसं सांगू?" रास्त आहे. बाजाराची भाषा आणि रडायची भाषा एक नसते. मराठी जाणणारे डॉक्टर आहेत का ते आधी विचारून घ्या. टेलिमानसच्या १४४१६ या मोफत सरकारी क्रमांकावर मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटत असेल, तर चाचण्या भरत बसू नका. त्याच दिवशी तिथं फोन करा किंवा जवळच्या दवाखान्यात जा.

आकड्यांनी धीर येत असेल तर जागतिक आरोग्य संघटनेचे आहेत: जगात साधारण ७० टक्के लोकांच्या वाट्याला आयुष्यात कधीतरी असा आघाती प्रसंग येतो, आणि त्यातल्या सुमारे ५.६ टक्क्यांना पीटीएसडी होतो. २०१९ च्या ऑगस्टात वेदगंगा-दूधगंगेला महापूर आला. निपाणी-चिकोडीकडची माणसं पुढं कितीतरी दिवस पावसाचा आवाज आला की उठून बसायची. बहुतेकांचं ते हळूहळू निवळलं. ज्यांचं निवळत नाही, त्यांनी तपासून घ्यायचं.

फाउंड्रीवाला अजून उपचार घेतोय. मालकानं त्याला भट्टीवरून काढून मशिन शॉपमध्ये घेतलंय. बस आता तो डोळे उघडे ठेवून करतो म्हणे, पण भट्टीकडं परत जायचं नाही, हे त्यानं ठरवलंय, आणि मला त्यात काही चूक दिसत नाही.

त्या मुलीला डॉक्टरांनी नैराश्याचं औषध सुरू केलं, बोलणं माझ्याकडं चालू आहे. परवा नवाच प्रश्न घेऊन आली: "चंदगडकडचं स्थळ आलंय. त्यांना सांगू काय?" मी म्हटलं, औषध चालू आहे ते लपवून लग्न ठरवू नका. वडिलांचं कधी, किती सांगायचं ते मात्र तुम्ही ठरवा, आणि तुमच्याऐवजी मावशीला सांगू देऊ नका.