शेजाऱ्याने वाट अडवली, आता?

प्रश्न: आमच्या शेतात जायची वाट शेजाऱ्याच्या बांधावरून आहे, आजोबांच्या काळापासून बैलगाडी तिथूनच जायची, पण गेल्या महिन्यात त्याने बाभळीच्या फांद्या टाकून ती बंद केली आणि वर म्हणतो की नकाशात रस्ता दाखवा. काय करू?

उत्तर: आधी एक काम करा, फांद्या स्वतः उचलायला जाऊ नका, भांडण तिथेच पेटतं. मोबाईलवर फोटो काढा, गाडीच्या चाकोऱ्या दिसतील असे, म्हणजे वहिवाट दिसते. मग तहसीलदारांकडे मामलतदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली अर्ज द्या, पण अडवल्यापासून 6 महिन्यांच्या आत हं, बरेच लोक "बोलून बघू" करत इथेच चुकतात. नकाशात नाही म्हणून हक्क नाही असं नसतं, 20 वर्षं उघडपणे, हक्काने आणि विनाअडथळा वापर असेल तर 1882 च्या सुखाधिकार कायद्याचा (म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवरून ये-जा करण्यासारख्या हक्काच्या कायद्याचा) आधार मिळतो, फक्त तो दिवाणी कोर्टात सिद्ध करावा लागतो. वाटच नसती तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली बांधावरून नवीन मागता आली असती. बांध कोरल्याचा संशय असेल तर सरकारी मोजणी वेगळी मागवा, दोन्ही भांडणं एका अर्जात कोंबू नका.