'उत्खननाने बायबल सिद्ध झाले' असे लिहावे काय?

विचारणा अशी आहे: "इस्राएलमधील उत्खननाने बायबलमधील इतिहास सिद्ध झाला, अशी वाक्ये मराठीत वारंवार वाचायला मिळतात. येथे 'सिद्ध' हा शब्द चालतो काय? आणि पुरावा, साक्ष, दुजोरा हे शब्द एकमेकांच्या जागी वापरता येतात काय?"

व्याकरणाच्या दृष्टीने हे वाक्य निर्दोष आहे, अर्थाच्या दृष्टीने मात्र मला ते मान्य नाही. 'सिद्ध होणे' या प्रयोगाला एक निश्चित विधान लागते. दस्तऐवजावरची सही अमक्याचीच आहे, हे सिद्ध होऊ शकते. 'बायबलमधील इतिहास' हे असे विधान नव्हे. बायबल हा अनेक शतकांत, अनेक हातांनी लिहिल्या गेलेल्या ग्रंथांचा संग्रह आहे, आणि त्यात राजांच्या कारकिर्दींच्या नोंदी आहेत तशा वंशावळी, नियमशास्त्र, स्तोत्रे आणि संदेष्ट्यांची वचनेही आहेत. एवढा संग्रह एखाद्या दगडाने सिद्ध होत नाही आणि असिद्धही होत नाही. 'पुरावा' या शब्दाचीही अट हीच आहे: त्याच्यामागे षष्ठी येते, आणि 'कशाचा पुरावा?' या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देता आले नाही, तर तो शब्द तेथे नुसता वजनासाठी आला आहे असे समजावे.

तेल दान येथील शिलालेखावर हे फार स्पष्टपणे दिसते. इस्राएलच्या उत्तर टोकाला अव्राहाम बिरान यांच्या नेतृत्वाखाली चाललेल्या उत्खननात १९९३ साली बसाल्ट दगडावरील अरामी या प्राचीन सीरियातील भाषेतल्या एका लेखाचा मोठा तुकडा मिळाला आणि पुढच्या वर्षी आणखी दोन लहान तुकडे मिळाले. लेख इ.स.पू. नवव्या शतकातला आहे. तो कोरवून घेणाऱ्या राजाचे नाव उरलेल्या भागात नाही, परंतु तो दमास्कसचा हजाएल असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. (नावे मी मराठी बायबलच्या वळणाने लिहीत आहे.) या लेखात 'दावीदाचे घराणे' अशा अर्थाची अक्षरे आहेत. दावीद हा केवळ कथेतला राजा असावा, असे मत त्या काळी काही अभ्यासक मांडत होते, त्यामुळे या अक्षरांनी मोठी खळबळ उडाली. मग हा दगड कशाचा पुरावा आहे? दावीदाचा काळ म्हणून जो सांगितला जातो त्यानंतर साधारण दीड शतकाने एक शेजारी, तोही शत्रू असलेला राजा, यहूदाच्या (प्राचीन इस्राएलच्या दक्षिणेकडील राज्याच्या) राजवंशाला दावीदाच्या नावाने ओळखत होता, याचा. हे विधान लहान असले तरी भक्कम आहे. गल्याथाशी झालेले द्वंद्व, राज्याचा विस्तार, स्तोत्रांचे कर्तृत्व यांविषयी दगड काहीही बोलत नाही.

याच दगडावर पुढे अडचण उभी राहते. तुटलेली नावे जुळवून अभ्यासक जे वाचन करतात, त्यानुसार इस्राएलचा राजा योराम आणि दावीदाच्या घराण्यातला अहज्या या दोघांना आपण मारले, असे हा अरामी राजा सांगतो. 'दुसरे राजे' या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात मात्र या दोघांना मारणारा इस्राएलचाच सेनापती येहू आहे. म्हणजे एकच शिलालेख बायबलमधील राजवंशाला दुजोरा देतो आणि त्याच वंशातील राजाच्या मृत्यूबाबत वेगळी हकिगत सांगतो. 'उत्खननाने बायबल सिद्ध झाले' या वाक्यात या दुसऱ्या गोष्टीला जागाच उरत नाही, आणि माझा त्या वाक्याला मुख्य आक्षेप हा आहे.

आता 'साक्ष'. पाणिनीने 'साक्षी' हा शब्द 'साक्षात् पाहणारा' या अर्थाने दिला आहे, आणि मराठीतही साक्ष द्यायला कोणीतरी बोलणारा लागतो. म्हणून शिलालेखाची, राजाच्या वृत्तान्ताची साक्ष म्हणावी. खापरे, बाणांची टोके आणि जळालेला थर हे अवशेष आहेत, आणि त्यांचा अर्थ दुसऱ्या कोणाला तरी लावावा लागतो. साक्षीदाराचा स्वार्थही तपासावा लागतो. अश्शूरचा (असीरियाचा) राजा सन्हेरीब याने इ.स.पू. ७०१ मध्ये यहूदावर केलेल्या स्वारीचा वृत्तान्त मातीच्या बहुकोनी ठोकळ्यांवर (प्रिझमांवर) कोरलेला आहे. आपण ४६ तटबंदीची नगरे घेतली आणि यहूदाचा राजा हिज्कीया याला यरुशलेमेत (जेरुसलेममध्ये) पिंजऱ्यातल्या पाखरासारखे कोंडले, असे तो म्हणतो. नगर जिंकले, असे मात्र तो म्हणत नाही. बायबलही स्वारी मान्य करते, खंडणी मान्य करते आणि यरुशलेम पडले नाही असे सांगते, पण त्याचे कारण म्हणून परमेश्वराच्या दूताने एका रात्रीत १,८५,००० अश्शूरी मारल्याचे लिहिते. खंडणीचे सोने दोन्हीकडे ३० किक्कार (वजनाचे एक जुने माप) आहे. चांदी मात्र बायबलमध्ये ३०० किक्कार आणि सन्हेरीबाच्या लेखात ८०० किक्कार आहे.

'दुजोरा' या शब्दाची खरी जागा येथे आहे. त्या शब्दातच 'दुजा' ऐकू येतो, म्हणून दुजोरा देणारा पहिल्यापासून स्वतंत्र असला पाहिजे. यहूदातील लेखक आणि अश्शूरी लेखनिक एकमेकांचे शत्रू होते, तरी स्वारी, खंडणी आणि न पडलेले यरुशलेम या तीन बाबींवर त्यांचे एकमत आहे. शिवाय लाखीशच्या वेढ्याची दगडी शिल्पे निनवेच्या राजवाड्यात मिळाली (ती आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत), आणि लाखीशच्या टेकडीवर अश्शूरी सैन्याने तटाशी भिडवलेली दगडांची चढण आजही दिसते. ग्रंथ, शत्रूचा लेख, चित्र आणि जमीन असे चौघे जुळल्याचे उदाहरण प्राचीन इतिहासात क्वचितच सापडते. तरीही दूताच्या हकिगतीला हा दुजोरा लागू होत नाही, चांदीच्या आकड्यालाही होत नाही.

उलट बाजूची घाईही तितकीच चुकीची आहे. मोशेनंतरचा पुढारी यहोशवा याच्या स्वारीत यरीहो नगराचा तट कोसळला, असे बायबल सांगते. तेथे सापडलेल्या पडझड झालेल्या तटाचा संबंध पुरातत्त्वज्ञ जॉन गारस्टँग यांनी १९३० च्या दशकात या स्वारीशी जोडला होता. पुढे कॅथलीन केन्यन यांनी १९५२ ते १९५८ या काळात तेथे उत्खनन केले आणि तो तट त्याहून कित्येक शतके जुना असल्याचे दाखवले. यहोशवासाठी अनेक अभ्यासक जो काळ धरतात, त्या इ.स.पू. तेराव्या शतकात तेथे तटबंदीचे नगर असल्याची खूण मिळाली नाही. याला 'बायबल खोटे ठरले' म्हणणे म्हणजे 'सिद्ध झाले' याच चुकीची दुसरी बाजू आहे. येथे मराठीत दोन वेगळे शब्दप्रयोग करावे लागतात. यरीहो खोदून पाहिले आणि जे मिळाले ते कथेशी जुळले नाही, हा 'विरुद्ध पुरावा' झाला. मिसरातून निघालेल्या इस्राएल लोकांच्या सीनायच्या वाळवंटातील ४० वर्षांच्या भटकंतीच्या खुणा मिळाल्या नाहीत, हा 'पुराव्याचा अभाव' झाला. राहुट्यांत राहणारे लोक मागे फारसे काही ठेवत नाहीत, म्हणून या अभावाचे वजन पहिल्यापेक्षा कमी आहे.

नव्या कराराचे एक उदाहरण पुरे. कैसरिया येथे १९६१ साली येशूला क्रूसावर देणारा रोमी अधिकारी पिलात याचे नाव असलेला लॅटिन लेख मिळाला. पिलात होऊन गेला याविषयी आधीही शंका नव्हती, कारण योसेफस आणि टॅसिटस या प्राचीन इतिहासकारांनी त्याचा उल्लेख केलेला आहे. टॅसिटस त्याला 'प्रोक्युरेटर' म्हणतो आणि दगडावर 'प्रीफेक्ट' हे वेगळे रोमी पद आहे, ही खरी नवी माहिती. मराठी बायबलने 'सुभेदार' हा आपला शब्द योजला असल्यामुळे मराठी वाचकाला हा फरक जाणवतच नाही. अशा ठिकाणी 'सिद्ध' नको आणि 'दुजोरा'ही अपुरा आहे. 'भर पडली' असे लिहावे.

राहिला 'साधन' हा शब्द. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाची कागदपत्रे छापली, तेव्हा त्यांनी त्यांना 'साधने' म्हटले, आणि ही योजना मला अतिशय नेमकी वाटते. कागद किंवा दगड हाती येतो तेव्हा तो साधन असतो. त्याला प्रश्न विचारला आणि त्याचे उत्तर मिळाले, की मग तो त्या प्रश्नापुरता पुरावा होतो.

तेव्हा विचारणेतील वाक्य तेल दानच्या संदर्भात असेल, तर मी ते असे लिहीन: "तेल दान येथील अरामी शिलालेखाने यहूदाच्या राजवंशाचे दावीद हे नाव बायबलबाहेरून प्रथमच स्पष्टपणे मिळाले; योराम आणि अहज्या यांच्या मृत्यूबाबत मात्र त्याची साक्ष 'दुसरे राजे' या पुस्तकाशी जुळत नाही." वाक्य लांबले आहे, पण त्यातला प्रत्येक भाग त्या दगडावर बोट ठेवून दाखवता येतो.