फोर्कलिफ्टचं निपल ग्रीस घेत नाही, बदलून टाकू का?

तुमच्या तीन टनी डिझेल फोर्कलिफ्टच्या मागच्या किंग पिनचं (चाक ज्या उभ्या पिनवर वळतं ती) निपल, म्हणजे ग्रीस भरायचा छोटा व्हॉल्व्ह, ग्रीस घेत नाही, ग्रीस गन मारली की सगळं बाजूने बाहेर येतं आणि ऑपरेटर म्हणतो, निपल बदला. माझं मत, इतक्यात बदलू नका. आधी अडलंय कुठे ते शोधा.

निपल चिंधीने स्वच्छ पुसा आणि तीच गन शेजारच्या निपलवर लावा. तिथेही गळालं तर दोष गनच्या तोंडाचा. आतले जबडे झिजले की ते निपलचं डोकं धरत नाहीत. नवं तोंड (कपलर) लावा, काम संपलं. शेजारी नीट गेलं तर अडलेलं निपल खोला, सुटंच गनच्या तोंडात बसवा आणि दांडा मारा. ग्रीस बाहेर आलं नाही तर आतला छर्रा अडकलाय, निपल फेकून द्या. आलं तर निपल बिचारं चांगलं आहे, पिनची वाट जुन्या सुकलेल्या ग्रीसने बुजलीय. माझ्या अनुभवात बऱ्याचदा हेच निघतं, आणि मग दहा निपलं बदलली तरी फरक पडत नाही.

वाट मोकळी करायला भोकात तार फिरवा, थोडं डिझेल सोडून मुरू द्या. शिवाय काउंटरवेट (तोल सांभाळणारं वजन) मागे असल्यामुळे रिकाम्या गाडीचा बहुतेक भार मागच्या अ‍ॅक्सलवरच येतो आणि पिन एका अंगाला दाबून बसते. फोर्क जमिनीवर टेकवा, पुढच्या चाकांना ठोकळे लावा, मागची बाजू जॅकने उचलून स्टँडवर घ्या आणि मग गन मारा. चावी काढलेली हवी.

बोट लावून गळती दाबायचा प्रयत्न मात्र कधीच करू नका. हाताच्या गनमध्येही काहीशे बारचा दाब तयार होतो. ग्रीस कातडीत घुसलं तर जखम टाचणीएवढी दिसते, पण ताबडतोब हॉस्पिटल गाठावं लागतं.

बदलायचंच ठरलं तर जुनं निपल खिशात घालून दुकानात जा. एम१०×१ (मेट्रिक) आणि १/८ बीएसपी (ब्रिटिश पाइप) हे आटे डोळ्यांना सारखेच दिसतात: एकाचा व्यास १० मिमी, दुसऱ्याचा ९.७ च्या आसपास, आट्यांचं अंतर मात्र वेगळं. एम६×१ आणि १/४ इंची यूएनएफ (इंची बारीक आटे) यांचंही तेच. चुकीचं निपल दोन आटे आरामात जातं, मग जड लागतं. तिथे पान्याचा जोर लावला की भोकाचे आटे गेलेच समजा, आणि मग टॅप मारत बसा. जागा अडचणीची असेल तर ४५ किंवा ९० अंशांत वाकलेलं निपल घ्या.

ग्रीस मॅन्युअलमध्ये असेल तेच. साधारणपणे लिथियम ईपी (जास्त दाब सहन करणारं), एनएलजीआय २ (घट्टपणाचा ग्रेड) चालतं. वेगळ्या जातीचं ग्रीस त्यावर भरू नका, काही जोड्या एकत्र आल्या की पातळ होऊन वाहून जातात. मास्ट (फोर्क वरखाली नेणारा उभा सांगाडा) झुकवणाऱ्या टिल्ट सिलिंडरच्या पिना, मास्टचे खालचे पिव्हट आणि मागच्या अ‍ॅक्सलची मधली पिन हे पॉइंट हमखास विसरले जातात, तेही त्याच फेरीत घ्या. मास्टच्या चेनला मात्र ग्रीस नको, तेल लावा. ग्रीस वरच बसतं, पट्ट्यांच्या आत पिनांपर्यंत पोचत नाही.

दर २५० तास गाडी चालली की ग्रीस भरायचा हिशोब बऱ्याच मॅन्युअलमध्ये असतो. तुमच्या गोडाऊनमध्ये सिमेंटची किंवा पिठाची धूळ असेल तर त्याच्या आधीच करा.