नॉर्वेतला पहिला ट्रेक? राणीची वाट धर

प्राइकेस्तूलेनच्या कड्यावर फोटोसाठी रांग लागते, ते राहू दे. हार्डांगर भागातली 'द्रोनिंगस्तीएन', म्हणजे 'राणीची वाट', कर: किन्सारविक ते लोफ्टहुस, साधारण 16 किमी. नॉर्वेची राणी सोन्या इथे हौसेने चालायची, म्हणून हे नाव. चढ सुरुवातीलाच अंगावर येतो. मग पठारावर चालताना खाली फ्योर्ड, म्हणजे डोंगरांत शिरलेली समुद्राची खाडी, आणि पलीकडे फोल्गेफोन्ना हिमनदी. दगडांवरचा लाल 'टी' ही वाटेची खूण; तो दिसेनासा झाला की पुढे रेटू नकोस, मागे फीर. उतरताना 616 दगडी पायऱ्या लागतात, 13व्या शतकात ख्रिस्ती मठवासीयांनी रचलेल्या म्हणतात. गुडघे तिथेच बोलायला लागतात, तेव्हा काठ्या घेच. जूनच्या मध्यापर्यंत वर बर्फ असू शकतो. आणि सह्याद्रीत भिजून चालायची सवय इथे कामाची नाही. ओल्या कपड्यांत वारा लागला की हुडहुडी भरते. जीन्स घरीच ठेव.