समाजकार्य, क्रिमिनॉलॉजी की आदिवासी अभ्यास? पुण्यात राहून काय शिकावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात बी.ए. समाजशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहात. कॅनडातल्या एका कॉलेजच्या माहितीत समाजकार्य, क्रिमिनॉलॉजी आणि मूळनिवासी अभ्यास या तीन पदव्या शेजारी शेजारी दिसल्या आणि तिन्ही आवडल्या. परदेशी जाणं परवडणारं नाही. मग इथे यातलं काय करता येईल आणि पोट भरेल का?

माझं मत आधीच सांगून टाकते. एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करा आणि बाकीचे दोन विषय फील्डवर्कमधून मिळवा. मी स्वतः पुण्यातच एम.एस.डब्ल्यू. केलं आणि नंतर कैद्यांच्या कुटुंबांबरोबर काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत लागले, तेव्हा माझा कल त्या बाजूला आहे हे धरूनच पुढचं वाचा.

हे तीन विषय आपल्याकडे एका पायरीवर नाहीत. समाजकार्याची पदवी नोकरीच्या जाहिरातीत नाव घेऊन मागतात. ससूनसारख्या सरकारी रुग्णालयातला समाजसेवा अधीक्षक घ्या, स्वयंसेवी संस्थेतला प्रकल्प समन्वयक घ्या, कंपनीचा सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा विभाग घ्या, सगळीकडे 'एम.एस.डब्ल्यू.' ही अक्षरं दिसतात. क्रिमिनॉलॉजीची पदवी मागणारी जाहिरात मात्र शोधावी लागते. आदिवासी विकास विभागाच्या बऱ्याच जागा कुठल्याही पदवीवर स्पर्धा परीक्षेतून भरतात, तिथे तुमचा अभ्यास कामाला येतो, पदवीचं नाव येत नाही.

पुण्यात समाजकार्यासाठी पहिलं नाव निघतं ते कर्वेनगरच्या कर्वे समाज सेवा संस्थेचं. ही १९६३ सालची संस्था. भारती विद्यापीठातही एम.एस.डब्ल्यू. आहे. प्रवेशाला कुठल्याही शाखेची पदवी चालते, अभ्यासक्रम दोन वर्षांचा. वर्गातली व्याख्यानं ठीकच असतात, खरं शिक्षण फील्डवर्कमध्ये. आठवड्यातले ठरावीक दिवस एखाद्या वस्तीत, रुग्णालयात किंवा संस्थेत जायचं, आल्यावर रिपोर्ट लिहायचा आणि सुपरव्हायझरसमोर बसून तो उलगडायचा. रिपोर्टचा सगळ्यांनाच कंटाळा येतो. पण पुढे कोर्टासाठी किंवा बालकल्याण समितीसाठी अहवाल लिहायची वेळ येते, तेव्हा हीच सवय कामी येते. 'आई रागीट आहे' असं लिहिणं वेगळं आणि आईनं काय केलं, ती काय बोलली ते लिहिणं वेगळं, हे तिथेच डोक्यात बसतं.

एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही. पुण्यात एम.एस.डब्ल्यू.ला येणाऱ्यांतले बरेच जण एच.आर.साठी आलेले असतात. १९४८ च्या कारखाने कायद्यात ५०० किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्याला कल्याण अधिकारी नेमणं बंधनकारक होतं, त्यातून ही वाट पडली आणि पिंपरी-चिंचवड, चाकणमुळे रुंद झाली. वाट वाईट नाही, पगारही बरा मिळतो. पण तुम्हाला तुरुंग आणि पाडे बघायचे असतील, तर स्पेशलायझेशन निवडताना सगळे जातात तिकडे जाऊ नका.

आता क्रिमिनॉलॉजी. टीव्हीवरच्या मालिकांमुळे लोकांना वाटतं की रक्ताचे डाग आणि बोटांचे ठसे म्हणजे क्रिमिनॉलॉजी. ते फॉरेन्सिक सायन्स, त्याला विज्ञान शाखा लागते. माणूस गुन्ह्याकडे का वळतो, कायदा कुणाला गुन्हेगार ठरवतो, शिक्षेनं नेमकं काय होतं, हे प्रश्न क्रिमिनॉलॉजीचे, आणि ते समाजशास्त्रवाल्याला जमतात. मध्य प्रदेशातलं सागर विद्यापीठ, मद्रास विद्यापीठ, राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाचं दिल्ली केंद्र, इथे हा विषय स्वतंत्रपणे शिकवतात. पुण्यात तो मुख्यतः एल.एल.बी. आणि एल.एल.एम.च्या पेपरांतून भेटतो. गंमत म्हणजे राज्याच्या कारागृह विभागाचं मुख्यालय पुण्यात, सीआयडी पुण्यात, तुरुंग अधिकाऱ्यांचं प्रशिक्षण महाविद्यालय येरवड्यात. पण यांपैकी कुठलंही दार क्रिमिनॉलॉजीच्या पदवीनं उघडत नाही, तिथे भरतीची परीक्षाच द्यावी लागते.

तुरुंगातलं सामाजिक काम नेमकं काय असतं, तेही सांगते. २०२२ च्या राष्ट्रीय आकडेवारीनुसार देशातल्या कैद्यांपैकी ७५.८ टक्के कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा खटलाच संपलेला नाही असे. त्यांतल्या अनेकांना जामीन मंजूर असतो आणि तरी ते आतच असतात, कारण जामीनदार मिळत नाही किंवा रक्कम भरता येत नाही. मग आमचं काम काय? गावाकडच्या भावाचा फोन नंबर शोधायचा, विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाला गाठायचं, बायकोला मुलाखतीला यायचं तर कोणती कागदपत्रं लागतात ते समजावायचं. संचित रजा (फर्लो) आणि अभिवचन रजा (पॅरोल) यांतला फरक घरच्यांना सांगायचा. शेजारी काय म्हणतील म्हणून पोरांना शाळेतून काढलं असेल, तर त्या शाळेत जायचं. थरारक यात काहीच नाही. बरेचसे दिवस झेरॉक्सच्या रांगेत जातात.

कॅनडाचं उदाहरण तुम्हीच काढलंत म्हणून त्याबद्दल. तिथे हे तीन विषय शेजारी दिसतात याला कारण आहे. २०२० मध्ये तिथल्या फेडरल तुरुंगांत मूळनिवासी कैद्यांचं प्रमाण ३० टक्क्यांवर गेलं, लोकसंख्येत मात्र त्यांचा वाटा ५ टक्क्यांच्या आसपास आहे. १९९९ च्या ग्लॅड्यू खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की मूळनिवासी आरोपीला शिक्षा देताना त्याच्या समाजाचा इतिहास आणि त्याची परिस्थिती विचारात घ्यायलाच हवी. त्यासाठी जो अहवाल तयार करतात त्याला ग्लॅड्यू रिपोर्ट म्हणतात, आणि तो नीट लिहायला तिन्ही विषय यावे लागतात. रेजायनातल्या फर्स्ट नेशन्स युनिव्हर्सिटीत तर मूळनिवासी समाजकार्य अशी वेगळी पदवीच आहे.

आपल्याकडे त्याच्या जवळ जाणारं म्हणजे परिविक्षा अधिकाऱ्याचा (प्रोबेशन ऑफिसरचा) सामाजिक तपासणी अहवाल. मूल कायद्याच्या कचाट्यात सापडलं, की घर, शाळा, शेजार पाहून तो बाल न्याय मंडळापुढे ठेवतात. त्या मंडळात दंडाधिकाऱ्याबरोबर दोन सामाजिक कार्यकर्ते बसतात आणि त्यांतली एक तरी स्त्री असावी लागते. समजा तो मुलगा पारधी वस्तीतला आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं अख्ख्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या. १९५२ मध्ये तो कायदा गेला, पण चोरी झाली की आधी पारध्यांच्या पालावर जायची सवय गेली नाही. अगदी ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला तुरुंगांच्या नियमावल्यांतले जातीवर आधारलेले भेद रद्द करावे लागले, त्यात या जमातींबद्दलच्या तरतुदीही होत्या. महाराष्ट्रात पारधी अनुसूचित जमातींच्या यादीत आहेत, मात्र दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. ज्यांचे आजे-पणजे गावोगाव फिरत होते त्यांनी तो आणायचा कुठून? दाखला नाही म्हणून शिष्यवृत्ती नाही, वसतिगृह नाही, आणि पोरगा सिग्नलवर. हे माहीत नसलेला माणूस अहवालात 'पालकांचे दुर्लक्ष' एवढंच लिहून मोकळा होतो. असे अहवाल मी वाचलेत आणि वाचताना संतापलेही आहे.

आदिवासी अभ्यास अशी स्वतंत्र पदवी हवीच असेल तर मध्य प्रदेशात अमरकंटकला इंदिरा गांधी राष्ट्रीय जनजातीय विद्यापीठ आहे. पुण्यात विद्यापीठाचा मानवशास्त्र विभाग आहे, संशोधनाची आवड असेल तर सरळ तिकडे जा, तिथे एम.एस.डब्ल्यू.चा हट्ट नको. क्वीन्स गार्डनमधली आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ ची. तिथलं संग्रहालय पुणेकरांनी फारसं पाहिलेलं नसतं. आणि खरा आदिवासी भाग काही गडचिरोलीतच नाही. आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरात हिरडा गोळा करणारे महादेव कोळी आहेत, प्रकल्प कार्यालय घोडेगावला आहे. उचल घेऊन वीटभट्टीवर जाणारी कातकरी कुटुंबं तर शहराच्या वेशीवर भेटतात.

पैशाचं खरं सांगायचं तर सुरुवात कमीच. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत जिल्हा पातळीवरच्या सोशल वर्करचं मानधन महिना १८,५३६ रुपये आहे, तेही कंत्राटी. पुण्यात भाड्यानं राहून एवढ्यात भागत नाही. घर पुण्यातच असेल तर पहिली दोन-तीन वर्षं निभतात.

मुंबईची टिस, म्हणजे टाटा सामाजिक विज्ञान संस्थाही नजरेत ठेवा. समाजकार्याच्या अंगानं न्यायव्यवस्था आणि आदिवासी-दलित प्रश्न शिकवण्यात तिचा अनुभव जुना आहे, आणि कोठडीतल्या माणसांसाठी 'प्रयास' हा तिचाच प्रकल्प १९९० पासून चालू आहे. अलीकडे तिथले पदव्युत्तर प्रवेश सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या सामाईक प्रवेश परीक्षेतून होतात. ती परीक्षा साधारण मार्चमध्ये असते आणि अर्ज त्याआधीच बंद होतात, तेव्हा निकालाची वाट बघत बसू नका.

आणि पुण्यातल्या कॉलेजात चौकशीला जाल तेव्हा फी विचारण्याआधी फील्डवर्कच्या संस्थांची यादी मागा. तुरुंग, निरीक्षणगृह, कुटुंब न्यायालय, घोडेगावकडची एखादी संघटना, यांपैकी दोन तरी तीत असतील तर फॉर्म भरा.